हलक्या हाताचे व्याही

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात कधी कोणाचा चेहरा पाहिला असेल, असं मला वाटत नाही. पाहिल्या त्या फक्त हिरड्या. समोर माणूस आला की आपण त्याच्या डोळ्यांत बघतो, कपडे बघतो, फार तर पायातल्या चपला बघतो. यांची नजर थेट वरच्या ओठाखाली शिरते आणि दात जिथे हिरडीत रुततात त्या रेषेवर जाऊन बसते. तिथे काय ते दिसलं की त्या माणसाशी त्यांची ओळख पुरी झाली. माझ्या थोरल्या भावाशी ते मुलांच्या लग्नात मांडीला मांडी लावून गप्पा मारत होते. वर्षभराने तोच भाऊ सांगलीहून येऊन त्यांच्या दारात उभा राहिला, तर यांनी त्याला विजेचा मीटर बघायला आलेला माणूस समजून जिन्याखालचा कोपरा दाखवला. भाऊ ओशाळून हसला आणि व्याही एकदम उजळले. "अय्यो, तुम्ही होय! खालच्या दातांमागे कीटण साठलेले पाहुणे!" त्यानंतर भाऊ त्यांच्यासमोर मोकळेपणाने कधी हसला नाही, आणि त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा मीटरच दाखवला गेला.

मी म्हैसूरला आलो तो नोकरीसाठी. कडकोळच्या एका कारखान्यात तपासणी विभाग, कुवेंपुनगरात घर, आणि कन्नड इतपत की भाजीवाली अजून हसू दाबते. व्याही मात्र इथलेच. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी दर चार पावलांवर कन्नडच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबते. व्याह्याला कन्नडमध्ये बीगरु म्हणतात, म्हणून मी त्यांचा 'बीगरे'. माझं नाव त्यांना ठाऊक असावं. पत्रिकेत छापलं होतं.

ते दातांच्या एका कॉलेजात प्राध्यापक होते, पण दातांचे डॉक्टर म्हटलं की दुखावत. "दात काय, दगड आहेत. कोणीही बघेल. मी हिरड्यांचा." मुलगी बघायला ते मुलाला घेऊन आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पोहे, चहा, हवापाणी झाल्यावर त्यांनी माझ्या बायकोला अतिशय आदराने विचारलं, "तुमच्याकडे लवकर दात पडायची पद्धत आहे का ओ?" ती बिचारी हुंड्याच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर तयार करून बसली होती, या प्रश्नाला तिच्याजवळ काहीच नव्हतं. मग माझी मुलगी बाहेर आली, घाबरून हसली, आणि व्याह्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "हिरड्या गुलाबी, टोकं घट्ट. आमची पसंती." विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. नवरा मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याने बालपणापासून हे पाहिलं असणार.

त्यांच्या हिरडीप्रेमाला एक काळी किनार होती. पायोरिया म्हणजे हिरड्यांचा जुनाट रोग. तो दुखत नाही, हे त्यांच्या आयुष्याचं दुखणं होतं. दुखलं असतं तर लोक धावत आले असते. हा रोग गुपचूप दाताभोवतीची हिरडी सैल करतो, तिथे खिसे तयार करतो, त्या खिशांत घाण साठते आणि आतलं हाड विरघळत जातं. एक दिवस माणूस ऊस चावायला जातो आणि दात उसात राहतो. हे सगळं ते जेवणाच्या पंगतीत सांगत. माझ्या मेहुण्याच्या नातवाच्या मुंजीत केळीच्या पानावर बिशीबेळे भात वाढलेला असताना त्यांनी समोरच्या रांगेकडे हात करून मला सांगितलं, "बीगरे, हे सगळे हसतायत नोडा, बघा. यांतल्या किती जणांची हाडं या क्षणी विरघळतायत, गोत्ता, ठाऊक आहे?" लग्नकार्यात आहेर म्हणून ते मऊ ब्रश देत, चांदीच्या वाटीसारखा चकचकीत कागदात बांधून.

आणि मयताच्या घरीही त्यांचं तेच. आमच्या गल्लीतले एक पेन्शनर गृहस्थ वारले. शव दर्शनाला ठेवलं होतं, तोंड जरा उघडं राहिलं होतं. व्याही हात जोडून उभे राहिले, वाकले, गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले, आणि भरल्या घरात म्हणाले, "सगळे दात शाबूत घेऊन गेले. पुण्यवान." मला धरणी दुभंगावी असं झालं. पण कोपऱ्यात रडणारी त्या गृहस्थांची म्हातारी बहीण एकदम थांबली. "हौदु, हो," ती म्हणाली, "मागच्या महिन्यात कोवळं मक्याचं कणीस खाल्लं त्याने. दातांनी." आणि मग तिने त्या कणसाची गोष्ट सांगितली. त्या घरात त्या दिवशी बोलली गेलेली तेवढी एकच बरी गोष्ट होती.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो पेरूमुळे. रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो, विहीणबाईंनी फोडी केल्या होत्या, मी एक चावली. व्याह्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्या गरावर लाल रेघ होती. "किती दिवस झाले?" मी म्हटलं, रक्त तर येतंच थोडं, कॉलेजात असल्यापासून येतंय. त्यांनी इतक्या प्रेमाने माझ्याकडे पाहिलं की मला वाटलं आता मिठी मारतील. त्यांच्या अभ्यासात त्यांना असाच माणूस हवा होता.

तो अभ्यास म्हणजे त्यांच्या निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम. कॉलेजातल्या औषधवाल्या मंडळींबरोबर त्यांनी एक जेल तयार केलं होतं, हिरडीच्या खिशात भरायचं. प्रश्न साधा होता. जुनाट पायोरियात खिसे खोलवर साफ करतात तेवढं पुरतं, की साफ करून वर हे जेल भरलं तर हिरडी जास्त चांगली भरून येते? निम्म्या रुग्णांना नुसती सफाई, निम्म्यांना सफाई आणि जेल. कोणाला काय मिळालं ते रुग्णाला कळू द्यायचं नाही, आणि नंतर खिशांची खोली मोजणाऱ्यालाही नाही. सफाई आणि जेल त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर चैत्रा करायची. तिची पदव्युत्तर पदवी याच कामावर होती. मोजणारे फक्त व्याही. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत उतरवायची आणि ती कुठे अडते ते वाचायचं. जोर जास्त लागला तर सळई हिरडीतच घुसते आणि खिसा आहे त्याहून खोल दिसतो. म्हणून सगळं काही हातावर. हात दर खेपेला तोच पाहिजे, तेवढ्याच वजनाचा पाहिजे.

असा हात त्यांच्याइतका कोणाचाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. लोक त्यांच्या खुर्चीत झोपत. मी स्वतः झोपलो. त्यांनी माझे सगळे दात मोजून संपवले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, सुरू कधी करणार. हा हात सांभाळायला ते रोज सकाळी कॉफीच्या आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती सळई टेकवून सराव करत. विहीणबाई रव्याचा डबा हातात धरून ताटकळत उभ्या. "लोकांचे नवरे देवपूजा करतात," त्या मला म्हणाल्या होत्या, "आमचे काट्याला टोचतात."

माझी मोजणी झाल्यावर त्यांनी आरशात मला माझे खिसे दाखवले आणि म्हणाले, "सुंदर!" माझ्या रोगाला कोणी सुंदर म्हटल्याचा तो एकमेव प्रसंग.

खरा छळ पुढे होता. रुग्णांना दर तीन महिन्यांनी, असं दोन वर्षं मोजायचं होतं, आणि बहुतेक रुग्ण कडकोळ आणि नंजनगूडच्या कारखान्यांतले कामगार. पहिल्या सफाईनंतर रक्त थांबलं की ते येईनासे होत. मग हे प्राध्यापक स्कूटर काढून पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहत. कारखान्यातल्या माझ्या खिडकीतून दिसायचे, करंजाच्या झाडाखाली, काखेत हेल्मेट, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. चेहरे लक्षात राहत नसल्याने ते सरसकट सगळ्यांनाच "स्वल्प हसा की" म्हणत. एक उंच वेल्डर त्यांना पाहिला की बसच्या आडून पळायचा. एकदा सापडला तेव्हा त्याने वैतागून विचारलं, "नोविल्ला सार, याके बरबेकु?" दुखत नाही, मग यायचं कशाला? व्याह्यांनी रस्त्यातच हात जोडले. "दुखत नाही म्हणूनच ये बाबा." तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा बसच्या आड.

असं हे दोन वर्षं चाललं. मी निवृत्त झालो, मुलीला मुलगा झाला, त्याला दात यायच्या आधी त्याच्या हिरड्यांचं कौतुक झालं. जेलच्या गटातल्यांची सुधारणा दिसतेय का हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचंच नव्हतं; पण एवढे खिसे भरून आलेले त्यांनी जन्मात पाहिले नाहीत असं ते म्हणायचे आणि खूश असायचे.

मोजणाऱ्याचा हात आपल्या जागी आहे ना, हे बघायला अभ्यासात अशी रीत होती की मधूनमधून काही रुग्णांना एकाच आठवड्यात दोनदा मोजायचं. आकडे जुळले पाहिजेत. शेवटच्या टप्प्यात माझी पाळी आली. सोमवारी मोजलं, बुधवारी पुन्हा गेलो. व्याही आकडे कन्नडमध्ये सांगत आणि चैत्रा लिहून घेई. मला कन्नडातले आकडे तरी येतात. सोमवारी एका दाढेशी त्यांनी "मूरु, मूरु, नाल्कु" म्हटलेलं मला आठवत होतं, कारण मूरु म्हणजे तीन आणि तीन म्हणजे चांगलं, हे मला कळत होतं. बुधवारी त्याच दाढेशी ते म्हणाले, "नाल्कु, ऐदु, ऐदु." चार, पाच, पाच. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. झोप लागण्याचा प्रश्नच नव्हता. चैत्राचं पेन थांबलं.

"सर, इन्नोम्मे?" तिने विचारलं. पुन्हा एकदा?

"बरि," ते म्हणाले. लिही.

तिने लिहिलं. पुढे एकेक आकडा येत गेला आणि ती लिहीत गेली. मी चूळ भरली तेव्हा वाटीत बरंच लाल होतं. व्याही पाठमोरे हात धूत होते. नळ बंद केल्यावरही ते तसेच उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्यापुढे धरली. ती स्कूटर त्यांनी स्वतःच्या मुलालाही कधी दिलेली नव्हती. "आज तुम्ही चालवा." कुवेंपुनगरच्या अलीकडे एका हॉटेलपाशी त्यांनी पाठीवर थाप मारून थांबवलं. कॉफी आली. त्यांनी डाव्या हाताने लोटा उचलला. उजवा पँटच्या खिशात होता.

"बीगरे, तुम्ही कारखान्यात मापाचे गेज तपासत होतात ना?"

"जन्मभर."

"मग खरं सांगा. सोमवारी आणि आज, हात एकच होता?"

काय म्हटलं की बरं वाटेल ते मला सुचत होतं. थकला असाल, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पण बिघडलेल्या गेजने पास केलेला माल परत येताना मी आयुष्यभर पाहिला होता, आणि समोरच्या माणसाने मला त्याचीच आठवण करून देऊन विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सोमवारीही दुखलं होतं. आज जास्त दुखलं."

"तीन महिन्यांपूर्वी?"

"तेव्हा सळई आत आहे हेच कळलं नव्हतं."

"कापतोय?"

"कापत नाही. जड झालाय. तुम्ही टेकवत नाही, दाबताय."

दुसऱ्याच कोणाची लक्षणं ऐकावीत तशी त्यांनी मान हलवली. "दोन वजनकाटे बदलले मी," ते म्हणाले. "पहिला बिघडला म्हणून नवा आणला. तोही जास्त दाखवायला लागला. दुकानदाराशी भांडलो ओ. बिचारा." आणि ते हसले. त्यांना तोंडभर हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि पुढे बराच काळ पाहिलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं. चालताना डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून होता. बोटं आपटायला सांगितली, ती मध्येच मंदावत गेली. पार्किन्सन्स. गोळ्यांनी बरीच वर्षं बरं राहता येईल, पण मागे फिरणारा रस्ता नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. परतताना गाडीत विहीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. व्याही खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाही दुखत नाही, बीगरे."

त्याच आठवड्यात त्यांनी चैत्राला घरी बोलावलं. मीही होतो, विहीणबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. शेवटच्या टप्प्यात आपण केलेली सगळी मापं रद्द धरायची, असं त्यांनी तिला सांगितलं. ती आधी समजलीच नाही. मग तिचा चेहरा उतरला.

"सर, जेल कोणाला दिलंय ते तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "हात जड झाला तो दोन्ही गटांना सारखाच जड झाला. दोन्हींचे आकडे वाढले असतील, पण दोघांतला फरक तसाच राहील. अल्वा सर, हो ना?"

मला ते पटलं. माझ्यासारख्या माणसाला त्यात खोट दिसत नव्हती.

"सारखाच जड झाला, हे कोणी सांगितलं?" व्याही म्हणाले. "सकाळी बरा असतो, दुपारी जड होतो. नंजनगूडची माणसं सकाळच्या गाडीने येतात. कडकोळची पाळी सुटल्यावर येतात. कोणाला कुठला हात मिळाला, तुला सांगता येईल?"

"कधीपासून असं होतंय, सर?"

"तेच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तेवढेच काढले असते."

"आणि माझी पदवी?"

ते म्हणाले, "तुझं नुकसान झालं. माझ्यामुळे झालं. ते मी सगळ्यांना सांगेन." चैत्रा उठली. तिने आपली पिशवी खांद्याला लावली आणि नमस्कार न करता निघून गेली. फाटकाची कडी लावल्याचाही आवाज आला नाही. फाटक तसंच हलत राहिलं.

विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. आता हातून दुसरं काही व्हायचं नाही, हे एक तरी पुरं होऊ दे." मी म्हटलं, ते बरोबर बोलतायत. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कॉफी पिताना एक वेळ खोटं बोलला असतात, तर कोणाचं काय गेलं असतं?" त्या रागाने बोलल्या नव्हत्या. मला अजूनही या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. उत्तर माहीत असूनही देता येत नाही.

ज्यांची शेवटची मोजणी राहिली होती ते रुग्ण मोजायला दुसऱ्या गावच्या कॉलेजातून एक डॉक्टर आले. पण रुग्ण यायला हवे होते. आता स्कूटर माझ्याकडे होती, व्याही मागे बसत. पुन्हा तीच फाटकं, तेच करंजाचं झाड. आता त्यांचा अंगठा आणि तर्जनी सारखी हलू लागली होती, विडी वळावी तशी. तो उंच वेल्डर या वेळी पळाला नाही. लांबून पाहत उभा राहिला, मग स्वतः जवळ आला, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "नाळे बरतीनि सार." उद्या येतो. व्याह्यांचे डोळे भरून आले. तो काही आला नाही.

निकाल कॉलेजच्या सभागृहात सांगितला गेला. वाचून दाखवायला दुसऱ्या कोणाला सांगा, असं सगळ्यांनी सुचवलं. व्याह्यांनी ऐकलं नाही. आवाज बारीक झाला होता. हातातले कागद इतके हलत होते की माइकमधून कागदांचीच सळसळ जास्त येत होती. पहिल्या रांगेतून चैत्रा उठली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिची परीक्षा लांबणीवर पडली होती. तिने कागद त्यांच्या हातातून घेतले, स्टँडवर ठेवले आणि शेजारी उभी राहून एकेक पान उलटत राहिली. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. पानं मात्र वेळेवर उलटली.

निष्कर्ष असा, की उरलेली मापं इतकी कमी आहेत की जेलचा उपयोग होतो की नाही, हे सांगता येत नाही. कारण, मोजणाऱ्याचा हात बिघडला. "मोजणारा मी." हे त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने वाचलं. पाहुण्यांपैकी एकाने सौजन्यानेच विचारलं, मग एवढ्या वर्षांतून हाती काय आलं? व्याही विचार करत उभे राहिले. त्यांना आता विचार करायलाही वेळ लागायचा, आणि सभागृहाला तो अवघडलेपणा वाटला. "साफ केलेल्या हिरड्या बऱ्या झाल्या," ते म्हणाले. "ते आधीच माहीत होतं. अष्टे. एवढंच." आणि ते खाली बसले. टाळ्या वाजल्या, पण लोकांना कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, अशा वाजल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. जेलचं पुढे काही झालं नाही; तो अभ्यास पुन्हा कोणी हाती घेतला नाही. चैत्रा पास झाली, उशिरा झाली, आणि तिने कुवेंपुनगरातच दवाखाना थाटला. माझ्या हिरड्यांना दर काही महिन्यांनी सफाई लागते, जन्मभर लागणार आहे. जुनाट याचा अर्थच तो, असं व्याह्यांनी मला समजावलं होतं. मी तिच्याकडे जातो. व्याही बरोबर येतात. घरी बसून करायचं काय, म्हणतात. चैत्रा त्यांना आत बसू देते, पंख्याखाली खुर्ची देते, आणि सर म्हणते. त्या जुन्या दिवसाबद्दल ती दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागच्या महिन्यात असेच आम्ही तिच्याकडून निघालो. संध्याकाळची वेळ, मुलांच्या शिकवण्या सुटत होत्या, रस्ताभर स्कूटर. व्याही माझा दंड धरून लहान लहान पावलं टाकत होते. बऱ्याच अंतराने त्यांनी विचारलं, "पोरीचा हात कसा आहे?"

"चांगला आहे."

"माझ्यापेक्षा?"

मी विचार केला. "तुमच्या चांगल्या काळापेक्षाही हलका," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. त्यातली किती होकाराची आणि किती रोगाची, ते मला कळलं नाही. वळणावर रस्ता ओलांडताना त्यांचे पाय एकाएकी थांबले, डांबराला चिकटावेत तसे. आजकाल असं होतं. मन पुढे गेलेलं असतं, पाय जात नाहीत. अशा वेळी ओढायचं नसतं, ढकलायचं नसतं, घाईही करायची नसते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एका बसने हॉर्न दिला, दोन-चार स्कूटरवाले आम्हाला वळसा घालून गेले. कोणीतरी ओरडलंही. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ते आपल्या पायांकडे बघत होते, चौकशी केल्यासारखे, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. सुटले पाय की जाऊ, घाई कोणाला आहे, असं मी त्यांना म्हटलं.